‘केस संपली’ म्हणण्याआधी या चुका टाळा : समरी, डिस्चार्ज, क्वॅशिंग आणि निर्दोष सुटका

फौजदारी कोर्टाच्या आवारात सगळ्यात जास्त घोटाळा करणारा शब्द म्हणजे ‘सुटला’. जामीन झाला तरी सुटला, पोलिसांनी समरी (तपास बंद करण्याचा अहवाल) पाठवली तरी सुटला, डिस्चार्ज झाला (दोषारोप ठेवण्याआधीच कोर्टानं सोडलं) तरी सुटला, हायकोर्टानं गुन्हा रद्द केला (क्वॅशिंग) तरी सुटला आणि दहा वर्षं खटला लढून निर्दोष ठरला तरी सुटलाच. घरच्यांना एवढं पुरतं. पण पोलीस भरतीचा साक्षांकन नमुना (उमेदवाराची पूर्वमाहिती विचारणारा फॉर्म) भरताना, पासपोर्टच्या पडताळणीत, विम्याच्या दाव्यात किंवा वरच्या कोर्टात हा शब्द चालत नाही. तिथे विचारतात : कोणत्या कलमाखाली सुटला, कोणत्या टप्प्यावर सुटला, आणि तो आदेश अजून उभा आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरं माहीत नसतात म्हणून चांगली माणसं अडकतात.

खाली दिलेली कलमं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची आहेत. ती १ जुलै २०२४ पासून लागू झाली. कंसात जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम आहे, कारण जुने खटले अजून चालू आहेत आणि जुन्या आदेशांवर जुनेच आकडे छापलेले आहेत.

चूक पहिली : ‘दोषमुक्त’ या शब्दावर विसंबणं

मराठी वर्तमानपत्रात ‘दोषमुक्तीचा अर्ज’ असं छापून येतं, तेव्हा बातमीदाराला बहुतेक वेळा डिस्चार्जचा अर्ज म्हणायचं असतं. हिंदी कायद्यात मात्र ‘दोषमुक्ति’ म्हणजे खटला चालून निर्दोष सुटणं. डिस्चार्जला हिंदीत ‘उन्मोचन’ म्हणतात. कायद्याच्या मराठी भाषांतरांतही निर्दोष सुटकेसाठी ‘दोषमुक्ती’ आढळतं, आणि डिस्चार्जसाठी ‘विनादोषारोप सोडणे’ असा लांब पण अचूक शब्दप्रयोग येतो. म्हणजे एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी फिरतो आहे. म्हणून सवय अशी लावावी : शब्द वाचायच्या आधी कलमाचा आकडा वाचायचा. २५०, २६२ किंवा २६८ (जुनं २२७, २३९, २४५) दिसलं की डिस्चार्ज. २५५, २७१ किंवा २७८ (जुनं २३२, २४८, २५५) दिसलं की निर्दोष सुटकेचं कलम. आकडा चकवत नाही.

फरक एवढा महत्त्वाचा का, ते शब्दांच्या मुळाशी गेलं की लख्ख दिसतं. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडा. त्यावरून गाडीवर माल लादणं, आणि तिथून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला ‘चार्ज’. डिस्चार्ज म्हणजे लादलेलं उतरवणं. आपल्या ‘आरोप’ शब्दातही हेच चित्र आहे. संस्कृतातल्या ‘रुह्’ धातूला ‘आ’ लागून प्रयोजक रूप झालं की अर्थ होतो वर चढवणं, ठेवणं. धनुष्याला दोरी चढवणं हे आरोपण, झाड लावणं हेही आरोपण. म्हणून मराठीत आरोप ‘ठेवतात’ आणि दोषारोप ‘निश्चित करतात’. दोन भाषांनी वेगवेगळ्या वाटेनं जाऊन ओझ्याचीच उपमा उचलली.

निर्दोष सुटकेसाठी इंग्रजीत जो ‘अ‍ॅक्विट’ शब्द आहे, त्याचं मूळ मात्र ओझ्यात नाही, देण्याघेण्यात आहे. लॅटिन ‘क्विएतुस’ म्हणजे शांत, निवांत. त्यावरून फ्रेंचमध्ये देणं फेडून मोकळं होणं. हिशेब चुकता झाला, आता सावकाराला पुन्हा दारात येता येणार नाही, असा तो अर्थ.

उतरवलेलं ओझं पुन्हा चढवता येतं, फिटलेलं कर्ज पुन्हा मागता येत नाही. कायदा हुबेहूब असाच वागतो. कलम ३३७ (३००) सांगतं की सक्षम कोर्टात खटला चालून माणूस दोषी किंवा निर्दोष ठरला की त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात साफ लिहिलेलं आहे की तक्रार काढून टाकणं किंवा आरोपीला डिस्चार्ज करणं म्हणजे या कलमापुरती निर्दोष सुटका नव्हे. डिस्चार्ज मिळालेल्या माणसाविरुद्ध पुढे नवा पुरावा आला तर खटला पुन्हा उभा राहू शकतो. शिवाय डिस्चार्जच्या आदेशावर ९० दिवसांत रिव्हिजन (वरच्या कोर्टाकडून फेरतपासणी) होते, आणि निर्दोष सुटकेविरुद्ध सरकारला ९० दिवसांत अपील करता येतं. त्यामुळे आदेश झाला त्या संध्याकाळी पेढे वाटा, पण मुदत संपेपर्यंत कागदपत्रं माळ्यावर टाकू नका.

इथेच आणखी एक गफलत होते. निर्दोष सुटलेल्या माणसाच्या बचावाला लोक थेट संविधानाचं अनुच्छेद २०(२) पुढे करतात. ते अनुच्छेद ‘खटला चालून शिक्षा झालेल्या’ माणसाला दुसऱ्या शिक्षेपासून वाचवतं. शिक्षाच न झालेल्या माणसाचं संरक्षण संहितेच्या ३३७ मध्ये आहे. अर्जात चुकीचं कलम टाकलं की समोरचा वकील पहिल्या तारखेला त्यावरच बोलतो आणि मुद्दा बाजूला राहतो.

चूक दुसरी, आणि सगळ्यात महागडी : समजुतीनं ‘बी समरी’ करून घेणं

महाराष्ट्रात तपास संपला आणि आरोपपत्र पाठवण्यासारखं काही नसलं की पोलीस कोर्टाकडे ‘समरी’ मागतात. संहितेत हा शब्द नाही, ए-बी-सी ही अक्षरंही नाहीत. कलम १९३ (१७३) फक्त पोलीस अहवालाबद्दल बोलतं. अक्षरं आली मुंबई पोलीस मॅन्युअल, १९५९ मधून. त्याच्या तिसऱ्या खंडातल्या नियम २१९ मध्ये ही वर्गवारी आहे :

ए समरी : गुन्हा खरा, पण उघडकीस आला नाही. चोर किंवा माल सापडला नाही, किंवा आरोपी माहीत आहे पण कोर्टात पाठवण्याइतका पुरावा नाही.

बी समरी : तक्रार खोटी, आणि तीही द्वेषबुद्धीनं केलेली.

सी समरी : खरी म्हणता येत नाही, खोटीही म्हणता येत नाही. वस्तुस्थितीचा गैरसमज झालेला असतो किंवा वाद मुळात दिवाणी असतो.

खेरीज, गुन्हा अदखलपात्र निघाला तर एनसी समरी.

आता नेहमीचं चित्र पाहा. सोसायटीत पार्किंगवरून दोन घरांत हाणामारी होते. एक जण गुन्हा नोंदवतो. महिनाभरानं चार वडीलधारे मध्ये पडतात, चहा होतो, दोन्ही घरं शांत होतात. मग कुणीतरी सल्ला देतं : ‘पोलीस स्टेशनला जबाब द्या, गैरसमजातून तक्रार दिली होती म्हणा, बी समरी होऊन जाईल.’ फिर्यादी आनंदानं पुरवणी जबाबावर सही करतो. जबाबात ‘गैरसमज’ लिहिलेलं असतं, पण अहवालाच्या डोक्यावर ‘बी’ असतं. पुढे कोर्टाकडून नोटीस येते, ‘समरी मंजूर करण्यास हरकत आहे काय’, आणि फिर्यादी तिच्यावरही ‘हरकत नाही’ लिहून देतो. आपण द्वेषानं खोटी फिर्याद दिली या निष्कर्षाला आपणच संमती दिली, हे त्याच्या गावीही नसतं.

याचे परिणाम दोन. खोटी माहिती देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ (जुन्या दंड संहितेचं १८२) खाली गुन्हा आहे, आणि इजा करण्याच्या हेतूनं खोटा आरोप करणं कलम २४८ (जुनं २११) खाली. बी समरीच्या अहवालाबरोबर फिर्यादीवर अशी कारवाई करण्याची परवानगी पोलीस मागू शकतात. दुसरं, ज्याच्याविरुद्ध गुन्हा होता तो उद्या बिनसलं तर हाच कागद घेऊन नुकसानभरपाईचा दावा ठोकू शकतो. समझोता तेव्हा खरा होता, पण कागद त्याच्यापेक्षा जास्त दिवस टिकतो.

दुरुस्ती सोपी आहे, फक्त घाई सोडावी लागते. वाद मिटला असेल तर जबाबात घडलं तेच लिहायचं : भांडण झालं होतं, समज-गैरसमज होते, आता तक्रार चालवायची नाही. वस्तुस्थिती अशी असेल तर वर्ग ‘सी’ बसतो. अहवाल तरी ‘बी’चाच आला, तर नोटिशीवर डोळे मिटून सही न करता मॅजिस्ट्रेटपुढे लेखी म्हणणं द्यायचं की फिर्याद द्वेषाची नव्हती. कोर्टाला पोलिसांनी मागितलेलाच वर्ग द्यायचं बंधन नाही. ‘बी’ मागितली असताना ‘सी’ मंजूर झाल्याचे आदेश होतात. आणि गुन्हा तडजोडीला पात्र असेल, तर समरीच्या नादाला न लागता सरळ कलम ३५९ (३२०) ची वाट धरायची. ती पुढे येतेच आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. फिर्याद खरी आहे आणि पोलिसांनी बी किंवा सी पाठवली, तर हातपाय गाळायचे नाहीत. भगवंत सिंग विरुद्ध पोलीस आयुक्त (१९८५) या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं की असा अहवाल मान्य करण्याआधी मूळ फिर्यादीला नोटीस देऊन ऐकून घेतलंच पाहिजे. नोटीस मिळाली की प्रोटेस्ट पिटिशन, म्हणजे लेखी हरकत दाखल करायची. तिच्यात ‘पोलिसांनी पक्षपात केला’ एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या साक्षीदाराचा जबाब घेतला नाही, कोणतं सीसीटीव्ही फुटेज मागवलं नाही, कोणता वैद्यकीय दाखला जोडला नाही, असं एकेक मोजून लिहायचं. मॅजिस्ट्रेटपुढे तीन रस्ते असतात : समरी मंजूर करणं, ती नाकारून स्वतः दखल घेणं (म्हणजे खटला पुढे चालवणं), किंवा पुढील तपासाचा आदेश देणं. ‘पोलिसांना चार्जशीट (आरोपपत्र) पाठवायला सांगा’ ही विनंती मात्र करू नका. अभिनंदन झा विरुद्ध दिनेश मिश्रा या जुन्या निकालापासून (तो १९६८ च्या नियतकालिकांत छापला आहे) ठरलेलं आहे की तसा हुकूम मॅजिस्ट्रेटला देता येत नाही. हरकतीतला मजकूर पुरेसा असेल तर कोर्ट तिलाच खाजगी तक्रार मानून कलम २२३ (२००) खाली पुढे जाऊ शकतं.

ए समरीबद्दल एकच गोष्ट. दुचाकी चोरीला गेली की मालक एफआयआरची प्रत घेऊन विमा कंपनीकडे जातो आणि मग महिनोन्महिने खेटे घालतो. कंपनीला बहुतेक वेळा गाडी सापडत नसल्याचा पोलीस अहवाल आणि कोर्टानं ए समरी मंजूर केल्याचा आदेश हवा असतो. समरी पोलिसांनी ‘पाठवली’ आणि कोर्टानं ‘मंजूर केली’ या दोन वेगळ्या तारखा आहेत. दुसरी तारीख पडल्यावर नकलेचा अर्ज करायचा.

बेळगाव-बिदरकडच्या वाचकांनी विशेष जपावं. कर्नाटकात ‘बी रिपोर्ट’ आणि ‘सी रिपोर्ट’ म्हणतात, पण अक्षरांचे अर्थ वेगळे आहेत. तिथे गुन्हा उघडकीस न आल्याचा अहवाल ‘सी’ असतो. कोल्हापूरच्या नातेवाइकाचा अनुभव तिथे जसाच्या तसा लावला की विम्याचा कागदही चुकतो आणि अर्थही.

चूक तिसरी : ‘फिर्याद मागे घेतली, केस संपली’

‘फिर्याद’ हा फारसी शब्द. मूळ अर्थ मदतीसाठी घातलेली हाक, आक्रोश. हाक ज्यानं घातली तो ती परत घेऊ शकतो, अशी आपली भाबडी समजूत त्यातूनच आली असावी. पण दखलपात्र गुन्ह्याची एफआयआर नोंदली गेली की खटला राज्याचा होतो. आदेशावर ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ असं असतं, फिर्यादीचं नाव तिथे पक्षकार म्हणून नसतं. त्यामुळे स्टॅम्प पेपरवर ‘मी माझी तक्रार मागे घेत आहे’ असं प्रतिज्ञापत्र करून पोलीस स्टेशनला दिल्यानं गुन्हा रद्द होत नाही. तो कागद फार तर तपासाच्या फायलीत लागतो. पुढे साक्षीला उभं राहून वेगळं बोललात, तर खोट्या साक्षीचा प्रश्न वेगळाच.

‘मागे घेणं’ याचे संहितेत दोन खरे प्रकार आहेत, आणि दोन्ही अरुंद आहेत.

पहिला, समन्स खटल्यातली (दोन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याच्या खटल्यातली) खाजगी तक्रार. ती तक्रारदार कोर्टाच्या परवानगीनं कलम २८० (२५७) खाली मागे घेऊ शकतो, आणि त्याचा परिणाम निर्दोष सुटका असा होतो.

दुसरा, कलम ३६० (३२१). यात खटला मागे घेण्याचा अधिकार सरकारी वकिलाला आहे, आणि तोही कोर्टाची संमती मिळाली तरच. दोषारोप ठेवण्याआधी मागे घेतला तर डिस्चार्ज, नंतर घेतला तर निर्दोष सुटका. वर सांगितलेला ओझं आणि कर्जाचा फरक इथे एका तारखेवर अवलंबून असतो. नव्या संहितेनं एक भर घातली आहे : पीडिताला ऐकल्याशिवाय कोर्टानं अशी परवानगी द्यायची नाही.

आंदोलनातले खटले मागे घेण्याचा शासन निर्णय निघाला की कार्यकर्ते त्याची झेरॉक्स खिशात घालून तारखांना जायचं सोडतात. वॉरंट निघालं की धावाधाव होते. शासन निर्णय ही फक्त सुरुवात असते. त्यावर सरकारी वकिलानं स्वतः विचार करून अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाला तो पटावा लागतो. नुसत्या सरकारच्या इच्छेनं हे होत नाही, याचं सगळ्यात ठळक उदाहरण केरळचं आहे. १३ मार्च २०१५ रोजी केरळ विधानसभेत अर्थमंत्री अर्थसंकल्प मांडत असताना तेव्हाच्या विरोधी आमदारांनी अध्यक्षांच्या आसनावर चढून खुर्च्या, संगणक, माइक यांची मोडतोड केली. नुकसान २,२०,०९३ रुपयांचं. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा दाखल झाला. पुढे त्याच पक्षांचं सरकार आलं आणि सरकारी वकिलानं खटला मागे घेण्याचा अर्ज दिला. तिरुवनंतपुरमच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये तो फेटाळला. हायकोर्टानं मार्च २०२१ मध्ये तेच केलं. २८ जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही सरकारचं म्हणणं नाकारलं. विधिमंडळाचे विशेषाधिकार मोडतोडीला संरक्षण देत नाहीत आणि मागे घेण्यात जनहित दिसत नाही, असं त्या निकालात आहे. सत्तेतलं सरकार, त्याचे स्वतःचे मंत्री आरोपी, तरीही तीन कोर्टांत अर्ज टिकला नाही. मग गावातल्या रास्ता रोकोच्या खटल्यात तारीख चुकवून कसं चालेल? त्यानंतर दोनच आठवड्यांत, १० ऑगस्ट २०२१ रोजी, आजी-माजी खासदार-आमदारांवरचे खटले हायकोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घेऊ नयेत असा आदेशही आला.

हा अधिकार कुठून आला, हेही पाहण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये अ‍ॅटर्नी जनरल ‘नोले प्रोसेक्वी’ म्हणून खटला थांबवतो. लॅटिनमध्ये अर्थ ‘पुढे पाठपुरावा करायची इच्छा नाही’. १८९८ च्या आपल्या जुन्या संहितेत हायकोर्टापुढच्या खटल्यांसाठी अ‍ॅडव्होकेट जनरलला कलम ३३३ खाली असाच अधिकार होता, आणि इतर खटल्यांसाठी सरकारी वकिलाला कलम ४९४ होतं. १९७३ च्या संहितेत पहिला गेला, दुसरा ३२१ म्हणून राहिला. कोर्टाच्या संमतीची अट याच दुसऱ्यात होती. म्हणून अमेरिकी मालिकेत वकील उठून ‘सरकार आरोप मागे घेतं’ म्हणतो आणि दृश्य संपतं, तसं इथे होत नाही.

मग समझोता झालेल्या माणसानं करायचं काय? गुन्हा कलम ३५९ च्या तक्त्यात आहे का, ते आधी पाहायचं. साधी दुखापत (न्याय संहिता ११५(२)) जखमी माणूस कोर्टाच्या परवानगीशिवाय मिटवू शकतो. फसवणुकीला (३१८(४)) कोर्टाची परवानगी लागते. तडजोड नोंदली की परिणाम थेट निर्दोष सुटकेचा, म्हणजे कर्ज फिटलं. गुन्हा तक्त्यातच नसेल, उदाहरणार्थ विवाहितेच्या छळाचं कलम ८५ (जुनं ४९८-अ), तर खालच्या कोर्टात तडजोडीचा अर्ज देऊन तारखा वाया घालवू नका. त्यासाठी हायकोर्टात कलम ५२८ (४८२) खाली रद्द करण्याची याचिका करावी लागते. ग्यान सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१२) या निकालात सर्वोच्च न्यायालयानं फरक नीट आखला आहे : तडजोड करणं हा पक्षकारांना कायद्यानं दिलेला हक्क, आणि समझोत्यावरून रद्द करणं हा हायकोर्टाचा स्वतःचा अधिकार. खून, बलात्कार, दरोडा असल्या गुन्ह्यांत तो समझोत्यावर वापरला जात नाही.

चूक चौथी : क्वॅशिंग म्हणजे लवकरचा निकाल असं समजणं

‘क्वॅश’ शब्दात दोन लॅटिन क्रियापदं एकमेकांत मिसळली आहेत. ‘क्वासारे’ म्हणजे हादरवून मोडणं आणि ‘कासारे’ म्हणजे पोकळ, निरर्थक ठरवणं. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नावात ‘कासास्यों’ आहे, तेही याच दुसऱ्या मुळाचं. आपल्या ‘रद्दबातल’मध्येही दोन अरबी शब्द जोडीनं उभे आहेत : ‘रद्द’ म्हणजे परतवणं, ‘बातिल’ म्हणजे पोकळ, खोटं. शब्दच सांगतो की इथे पुराव्याचा तराजू धरला जात नाही. गुन्ह्याचा कागद मुळात पोकळ आहे का, एवढंच पाहिलं जातं.

म्हणून याचिकेत ‘मी त्या दिवशी गावात नव्हतो’ हा मुद्दा पहिल्या परिच्छेदात लिहिणाऱ्याची याचिका बहुधा पहिल्याच सुनावणीत अडचणीत येते. घटनास्थळी नसणं हा बचाव आहे, तो पुराव्यानं सिद्ध करायचा असतो. हरियाणा राज्य विरुद्ध भजनलाल (१९९२) या निकालातले गुन्हा रद्द करता येण्याचे सात प्रकार वाचा आणि आपली एफआयआर त्यांतल्या नेमक्या कोणत्या प्रकारात बसते ते एका वाक्यात लिहून बघा. वाक्य जमलं नाही तर याचिकेची घाई करू नका. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की अगदी विरळा प्रसंगी आरोपीच्या बाजूचा निर्विवाद कागद पाहता येतो. त्या एका ओळीवर सगळी याचिका उभी करणारे पुष्कळ भेटतात. ‘विरळा’ हा शब्द तिथे मुद्दाम घातला आहे.

स्थगिती म्हणजे रद्द नव्हे, हेही याच ठिकाणी. आणि रद्द झालं ते फक्त याचिका करणाऱ्यापुरतं. सहा आरोपींपैकी दोघांनी याचिका केली तर उरलेल्या चौघांचा खटला चालूच राहतो.

याचिका कुठे, यावरही चूक होते. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. जुन्या नमुन्यावर मुंबईचं शीर्षक टाकून छापू नका.

चूक पाचवी : चेक बाऊन्समध्ये डिस्चार्जचा अर्ज

नवख्या वकिलांच्या हातून आणि इंटरनेटवरून नमुने उतरवणाऱ्या पक्षकारांच्या हातून हे सर्रास होतं. चेक न वटल्याचा, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ चा खटला समन्स खटल्याच्या पद्धतीनं चालतो. त्या पद्धतीत औपचारिक दोषारोप ठेवायचा टप्पाच नाही. ओझं औपचारिकपणे चढवलंच जात नाही, तर उतरवायचा टप्पा कुठून येणार? सुब्रमणियम सेतुरामन विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००४) या निकालात हेच सांगितलं आहे. प्रोसेस (आरोपीला हजर राहण्याचा कोर्टाचा आदेश) मागे घ्या, असा अर्जही त्याच कोर्टात चालत नाही. तो दरवाजा अदालत प्रसाद निकालानं (२००४) बंद केला आणि १६ एप्रिल २०२१ च्या घटनापीठानं पुन्हा कुलूप लावलं. त्याच घटनापीठानं हेही स्पष्ट केलं की कार्यवाही थांबवण्याचं कलम २५८ (आता २८१) चेकच्या तक्रारींना लागू नाही. मार्ग आहे तो रिव्हिजनचा किंवा हायकोर्टाचा. हे समजायला काही जण वर्षभराच्या तारखा खर्च करतात.

जिथे डिस्चार्ज आहे, तिथे आता मुदतही आहे. सेशन खटल्यात (गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यात) प्रकरण सेशन कोर्टाकडे वर्ग झाल्यापासून ६० दिवस (कलम २५०). पोलीस अहवालावरच्या वॉरंट खटल्यात (दोन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याच्या खटल्यात) कागदपत्रांच्या नकला मिळाल्यापासून ६० दिवस (कलम २६२). जुन्या संहितेत अशी मुदत नव्हती, त्यामुळे जुन्या सवयीचे लोक निवांत असतात. नकला ज्या दिवशी हातात पडल्या, त्या दिवशी पहिल्या पानावर तारीख टाकून ठेवायची.

अर्जात आपली कागदपत्रं जोडायची नाहीत. ओडिशा राज्य विरुद्ध देवेंद्रनाथ पाढी हा निकाल नोव्हेंबर २००४ चा आहे : या टप्प्यावर फक्त पोलिसांनी दाखल केलेलं साहित्य पाहिलं जातं. आरोपपत्रातल्याच जबाबांतल्या विसंगती दाखवा, पान क्रमांकासह. आणि दोषारोप एकदा ठेवला गेला की डिस्चार्ज विसरा. रतिलाल भानजी मिठाणी (१९७९) या महाराष्ट्रातल्याच प्रकरणानं सांगितलं की तिथून पुढे निकाल दोनच : दोषी किंवा निर्दोष.

एकेका ओळीत

६० किंवा ९० दिवसांत चार्जशीट आलं नाही तर जामिनाचा हक्क येतो, गुन्हा संपत नाही.

पोलिसांनी कलम १८९ (१६९) खाली बाँड घेऊन सोडलं, म्हणजे ‘नाव वगळलं’ असं नव्हे. कोर्टाचा आदेश होईपर्यंत वाट पाहा.

तक्रारदार गैरहजर राहिला म्हणून समन्स खटला संपला तर कलम २७९ (२५६) खाली निर्दोष सुटका होते, वॉरंट खटला संपला तर कलम २७२ (२४९) खाली फक्त डिस्चार्ज. नव्या संहितेत दोन्हीकडे तक्रारदाराला आधी ३० दिवसांची संधी द्यावी लागते.

‘अर्ज दाखल’ आणि ‘अर्ज खारीज’ हे अरबीतले सख्खे विरुद्धार्थी शब्द आहेत, आत आणि बाहेर. उत्तरेत ‘दाखिल-खारिज’ म्हणजे जमिनीचा फेरफार. तिकडच्या कागदात तो शब्द दिसला म्हणून फौजदारी अर्ज फेटाळला गेला असं समजू नका.

चूक सहावी : ‘बाइज्जत बरी’ या शब्दाची वाट पाहणं

हिंदी सिनेमानं डोक्यात बसवलेला शब्द. ‘बरी’ अरबी, अर्थ निर्दोष, मोकळा. त्याला फारसी ‘बा’ आणि अरबी ‘इज्जत’ जोडली. फौजदारी संहितेत ‘सन्मानपूर्वक सुटका’ असा काही प्रकारच नाही. सरकारी नोकरीच्या आणि खात्यांतर्गत चौकशीच्या बाबतीत मात्र या फरकाला वजन आहे, आणि तिथेच लोक गाफील राहतात.

तमिळनाडूतल्या एका पोलिसाचं प्रकरण याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. बसस्थानकावर विवाहित महिलेशी गैरवर्तन केल्याचा आरोप होता. फौजदारी खटल्यात ती महिला आणि तिचा पती दोघंही फितूर झाले, मॅजिस्ट्रेटनं त्याला सोडलं. खात्याच्या चौकशीत मात्र तो दोषी ठरून बडतर्फ झाला होता. हायकोर्टानं निर्दोष सुटकेचा आधार घेऊन बडतर्फी रद्द केली. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा कायम केली. साक्षीदार फितूर झाल्यानं मिळालेली सुटका ही संपूर्ण पुरावा तपासून आरोप खोटा ठरल्यासारखी नव्हे, असा त्याचा रोख.

म्हणून निकाल हातात आला की शेवटचं पान वाचून थांबायचं नाही. ‘संशयाचा फायदा देऊन’ हे शब्द कोणत्या परिच्छेदात आणि कोणत्या मुद्द्यावर आले आहेत, ते खुणा करून ठेवायचं. आणि साक्षांकन नमुन्यात ‘कधी अटक किंवा खटला झाला आहे का’ असं विचारलं असेल, तर सुटका झालेली असली तरी खरं लिहायचं. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) या निकालानंतर क्षुल्लक गुन्ह्याकडे नियोक्ता काणाडोळा करू शकतो, पण लपवाछपवी हीच स्वतंत्र अडचण होते. प्रश्न नीट वाचा. ‘प्रलंबित आहे का’ आणि ‘कधी झाला होता का’ यांची उत्तरं वेगळी असतात.

आदेश कसा वाचायचा

ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की निकालाचा प्रकार एका ओळीत दिसतो. ती ओळ माहितीसाठी ठीक, पुरावा म्हणून नाही. ती नोंद कारकुनानं यादीतून निवडलेली असते, आणि ‘डिस्पोज्ड’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. प्रमाणित प्रत काढायची आणि सोबत त्या तारखेच्या रोजनाम्याचीही (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीचीही).

प्रतीत साधारण अशी ओळ असते : ‘आरोपी क्र. २ व ४ यांना भा.ना.सु.सं. कलम २६२ अन्वये भा.न्या.सं. कलम ३१८(४) च्या आरोपातून मुक्त करण्यात येते.’ आता शब्द सोडून आकडे वाचा. क्र. १ आणि ३ अजून खटल्यात आहेत. २६२ म्हणजे डिस्चार्ज, निर्दोष सुटका नव्हे. ३१८(४) मधून मुक्त केलं, पण आरोपपत्रात ३१६(२) सुद्धा होतं, त्याचं काय? तो उल्लेखच नसेल तर त्या कलमाचा खटला चालू आहे, आणि पुढची तारीख आदेशाच्या खालच्या कोपऱ्यात कुठेतरी लिहिलेली असते.

त्याच पानावर आणखी दोन गोष्टी शोधायच्या. मुद्देमाल परत करण्याचा आदेश, कारण अपिलाची मुदत संपल्यावर असं लिहिलेलं असेल तर मोबाइल-मोटारसायकल तोवर मिळत नाही. आणि जामीनकदबा, म्हणजे जामीनदाराच्या हमीचा बाँड. जुना रद्द झाला तरी कलम ४८१ (४३७-अ) खाली वरच्या कोर्टात हजर राहण्यासाठी नवा बाँड घेतात, तो सहा महिने चालतो. हमी देणाऱ्या शेजाऱ्याला ‘झालं, तुम्ही मोकळे’ असं सांगण्याआधी त्या सहा महिन्यांची शेवटची तारीख त्याला कागदावर लिहून द्या.